लग्नातले प्रश्न: उंबराची फांदी, भरदुपारची अरुंधती आणि कोल्ह्याचं लग्न

रंकाळ्याचा_काठ | ९ मे, रात्री १०.०५

मंडळी, पुढच्या आठवड्यात घरात पुतणीचं लग्न आहे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, हलगी-घुमकंवाले ठरले. राहिलंय ते भाचीचं समाधान. सहावीत आहे. मांडवडहाळ्यांचा विषय निघाला तेव्हापासून तिनं घरातल्या थोरामोठ्यांची झडती लावली आहे.

मुहूर्तमेढीला उंबरच का, आणि त्याला फूल का दिसत नाही? मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मग गुरुजी अरुंधती दाखवतात ती कुठली? अक्षता खाऊन पाखरांची पोटं फुटतात असा व्हिडिओ कुठल्याशा ग्रुपवर फिरतोय, खरं का? ऊन-पाऊस एकदम आला की आपण कोल्ह्याचं लग्न म्हणतो, त्यात कोल्हा कुठून आला? शेवटचा प्रश्न विचारल्यावर आमचे दाजी चहा अर्धा टाकून उठून गेले: प्राण्यांत लग्न होतं का, आणि झालं तर टिकतं का?

"शास्त्रीय कारण आहे गं बाळा" यावर ती ऐकत नाही. खरी उत्तरं सांगा. फॉरवर्ड केलेली नकोत, ती आमच्या मामांकडं पोतंभर आहेत.

तर्रीबाज | १०.११

दाजी उठून गेले, यातच शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं.

मुक्काम_पुणे | १०.१९

कोल्हापूरच्या लग्नात पडणारा खरा प्रश्न एकच. पांढरा रस्सा पहिल्या पंगतीला संपला तर दुसऱ्या पंगतीनं काय करायचं?

तर्रीबाज | १०.२१

पुण्यात हा प्रश्न येत नाही. पहिल्या पंगतीलाही वाटी दिसत नाही.

चाफेकळी | १०.४८

उंबराचं मी घेते, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय.

उंबराला फुलं येतात, ढिगानं येतात, फक्त बाहेर दिसत नाहीत. आपण ज्याला फळ म्हणतो ती बंद पिशवी असते आणि फुलं तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. भाचीला एक कच्चं हिरवं उंबर उभं चिरून दाखवा. टोकाशी बारीक भोक दिसेल, त्यावर खवल्यांची दाटी. आत भिंगातून बघितलं की दाटीवाटीनं उभी असलेली इवली इवली फुलं दिसतात.

त्या भोकातून एक चिमुकली माशी आत शिरते. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण मुंगीहूनही लहान. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतातच. माद्यांशी मीलन होतं तेही उंबराच्या आत. मग नर भिंत पोखरून वाट काढतात आणि मरून जातात. माद्या पराग घेऊन त्या वाटेनं दुसऱ्या उंबराकडं उडतात. म्हणजे लग्न, मांडव, वरात सगळं एकाच फळात. पिकलं उंबर फोडल्यावर आपण "शी, किडे" म्हणून टाकतो ना, ती ही मंडळी. ती नसती तर उंबराला बी धरलंच नसतं.

मुहूर्तमेढीला उंबरच का, याचं छापील एक उत्तर नाही. काही घरांत आंब्याची फांदीही चालते. यज्ञात औदुंबराच्या समिधा आणि पात्रं वापरायचे, हे एक. दत्ताचं झाड हे दुसरं. नृसिंहवाडी आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं इथं त्याचा मान जास्त. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर ऐन लग्नसराईत, उन्हाच्या तडाख्यात, ओढ्याकाठी पानांनी हिरवं आणि खोडापासून फळांनी लगडलेलं झाड दुसरं कुठलं दिसतं? नव्या संसाराच्या दारात असंच झाड उभं करावंसं वाटणार.

श्रद्धा_सबुरी | ११.०२

ताई, छान माहिती. पण मूळ कारण राहिलं. मांडवात पाचशे माणसं जमतात. उंबर सर्वांत जास्त प्राणवायू सोडतो, म्हणून पूर्वजांनी त्याची फांदी दारात रोवायला सांगितली.

चाफेकळी | ११.०९

तोडलेली एक फांदी आणि पाचशे माणसं! पंखा लावलेला बरा. झाडाची महती सांगायला प्राणवायूच का लागतो? त्याच्या फळांवर पाखरं, वटवाघळं, माकडं जगतात, हे कमी आहे का?

श्रद्धा_सबुरी | ११.१५

प्रत्येक रूढीची चिरफाड केलीच पाहिजे असं नाही. तुमच्या विज्ञानाला उद्या कळेल.

सुमनताई_गारगोटी | ११.३१

अहो, कुणी टिंगल करत नाहीये. मी स्वतः चार लेकरांच्या मुहूर्तमेढी पुजल्यात, हळकुंड बांधून, नारळ ठेवून. मनापासून पुजल्या. पण पोरांना खोटं कारण सांगितलं की मोठेपणी त्यांना ते खोटं कळतं आणि मग ती कारणाबरोबर झाडही टाकून देतात. त्यापेक्षा "आपल्यात असं करतात" म्हणावं आणि झाड दाखवावं.

आमच्या घरचं देवक, म्हणजे कुळानं पूज्य मानलेलं झाड, पंचपालवीचं. सासूबाईंच्या माहेरी कळंबाचं. ते लोक कळंबाचं लाकूड चुलीत घालत नाहीत, त्याच्या पानावर जेवत नाहीत. एकच देवक निघालं की सोयरीक मोडते, मग मुलगा कितीही नोकरीवाला असो. या देवकापायी बांधावरची कितीतरी झाडं कुऱ्हाडीतून वाचलीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुऱ्हाळ | १० मे, सकाळी ६.२०

ताई म्हणत्यात ते खरं हाय. आमच्या रानात कळंबाचं एक झाड हाय, आज्ज्यानं सांगिटलेलं, हात लावायचा न्हाई. बैलगाडीचं जू मोडलं तरी त्याची फांदी घेतली न्हाई. लग्न असलं की भावकी येती, डहाळी घेऊन जाती, झाडाला पाणी घालून नारळ फोडती. बाकी वरीसभर कोण ढुंकून बघत न्हाई.

उंबर म्हणाल तर आमच्या वड्याला सात-आठ हाईत. गाभुळली की खाली सडा आन् माशांचा घोळ. चाफेकळीताई, ती माशी बाईमाणूस आन् आत शिरल्यावर परत येत न्हाई हे आज कळलं.

खगोलवेडा_पन्हाळा | सकाळी ८.४०

आता अरुंधती. हा माझा प्रांत.

सप्तर्षीची शेपटी बघा. टोकाकडून दुसरा तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक मंद तारा आहे, ती अरुंधती. अंतर साधारण ऐंशी प्रकाशवर्षांच्या आसपास. दुपारी साडेबाराला अर्थातच दिसत नाही. जुन्या पद्धतीत विवाहविधी रात्रीपर्यंत चालायचा. आश्वलायन गृह्यसूत्रात आहे की वधूनं ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहिल्यावरच मौन सोडायचं. मुहूर्त दुपारी सरकला, विधी तसाच राहिला.

पण गंमत पुढं आहे. रात्रीचं लग्न असलं तरी ती कायम दिसेलच असं नाही. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर. इथून सप्तर्षी मावळतात. मेमध्ये रात्री नऊ-दहाला उत्तरेकडं तोंड करा, छान वर आलेले असतात. पण तुळशीचं लग्न झाल्यावर जी लग्नं सुरू होतात, नोव्हेंबर-डिसेंबरातली, तेव्हा संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. नोव्हेंबरच्या शेवटी अरुंधती उगवते रात्री दीड-दोनच्या सुमाराला. तोवर वऱ्हाड घोरतंय. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर बार उडालेल्या कितीतरी जोडप्यांनी गुरुजींच्या बोटाच्या दिशेला नुसतं आभाळ बघितलंय.

ध्रुवाचंही तसंच. तो जिथं आपण उभे तिथल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो, म्हणजे इथं क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश. हात ताठ करून मूठ धरली की दहा अंश होतात, यावरून अंदाज घ्या. समोर चार मजली इमारत असली की ध्रुव गेला.

श्रद्धा_सबुरी | ९.०५

हे चांगलं सांगितलंत. आणि वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, बाकी जोडताऱ्यांत एकच फिरतो, हे आपल्या ऋषींना दुर्बीण नसताना ठाऊक होतं. म्हणून नवरा-बायकोला दाखवतात, दोघांनी समान राहावं म्हणून.

खगोलवेडा_पन्हाळा | ९.३४

या फॉरवर्डला मी आता कंटाळलोय, तुमच्यावर राग नाही. जोडताऱ्यांत दोन्ही तारे सामाईक केंद्राभोवती फिरतात, सगळीकडं, त्यात या दोघांचं विशेष काही नाही. आणि हे दोघे फिरत असतील तर एका फेरीला लाखांच्या पटीत वर्षं लागतील. डोळ्यांनी ते कुणाला दिसणार? ते आकाशात बरोबरीनं प्रवास करतात, एकाच तारकासमूहातले आहेत, एवढं पक्कं.

खरी हकीकत जास्त रंगतदार आहे. वसिष्ठ हा एक तारा नाही. सतराव्या शतकात दुर्बिणीतून त्याचे दोन दिसले. १८५७ मध्ये ज्याचा फोटो निघाला असा तो पहिला जोडतारा. १८८९ मध्ये वर्णपटावरून त्यातला एकही पुन्हा जोडतारा निघाला, पुढं दुसराही. झाले चार. २००९ मध्ये अरुंधतीलाही सोबती सापडला. एकूण सहा.

तर्रीबाज | ९.३६

म्हणजे नवरीला दाखवतात ते एकत्र कुटुंब. आधीच कल्पना दिलेली बरी.

शिवाजीपेठ_गुरुजी | दुपारी २.१०

आत्ताच एक लग्न लावून आलोय. प्रश्न आमच्यावर आलाय म्हणून लिहितो. दिवसा आम्ही उत्तर दिशेला हात करून मंत्र म्हणतो आणि "स्मरण करा" सांगतो. कोण काही विचारत नाही, कारण फोटोवाला तेवढ्यात "इकडं बघा" म्हणतो.

अरुंधती दाखवण्याची जुनी रीत मात्र शिकण्यासारखी आहे. एकदम ती मंद चांदणी दाखवत नाहीत. आधी जवळचा ठळक तारा दाखवून "ही अरुंधती" म्हणायचं, नजर ठरली की "ही नव्हे, हिच्या शेजारची". शास्त्रग्रंथांत याचा अरुंधतीदर्शनन्याय झाला: सूक्ष्म समजावायचं तर आधी स्थूल दाखवा. भाचीला हे नक्की आवडेल.

रंकाळ्याचा_काठ | २.३०

गुरुजी, आवडलं. तिचा लगेच पुढचा प्रश्न: "म्हणजे आधी खोटं सांगायचं आणि मग खरं?" मी स्वयंपाकघरात पळालो.

पाखरू | ३.१५

अक्षतांचा व्हिडिओ थोतांड आहे. तांदूळ पोटात फुगून पक्षी फुटतो ही अफवा अमेरिकेतून आली. १९८५ मध्ये कनेटिकट राज्यात लग्नात तांदूळ उधळायला बंदी घालण्याचा प्रस्तावही आला होता, यावरून कळेल किती पसरली होती. तांदूळ फुगायला उकळतं पाणी आणि वेळ लागतो. पक्ष्याच्या अंगात भात शिजत नाही. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत मऊ होतो आणि पुढं स्नायूंच्या जात्यात दळला जातो. आजऱ्याच्या घनसाळ भातावर मुनिया आणि चिमण्या थव्यानं उतरतात, कच्चे दाणे सोलून खातात. फुटत असत्या तर शेतकऱ्यांनी बुजगावणी कशाला लावली असती?

पाखरांना खरा त्रास होतो तो रात्री बाराला घरट्यांच्या झाडाखाली लावलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचा, आणि कागदी चमकीचा.

गुऱ्हाळ | ३.४०

पोपटाचं तेवढं बोला. भाताचं लोंबीच तोडून न्हेतंय. फुटलं तर पेढे वाटीन.

सांगावा | ४.०२

आमच्या घरी सत्यशोधक पद्धतीनं लग्न होतं. पहिलं असं लग्न १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात लागलं, आणि नंतर शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर भागात ही पद्धत रुजली. मुहूर्त नाही, आणि आमच्यात अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. धान्य पायदळी तुडवायचं कशाला, एवढं साधं कारण. पक्ष्यांचं पोट मध्ये आणायची गरजच नाही.

सुमनताई_गारगोटी | ४.३०

बरोबर आहे. आमच्याकडं जोंधळ्याच्याही अक्षता असायच्या. घरात जे पिकायचं ते.

हळदीचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. हळदीचा कार्यक्रम झाला की कपडे धुताना भाचीला शेजारी उभं करा. पिवळ्या डागावर साबण घासला की डाग लालसर तपकिरी होतो. मुलं ओरडतात, "आजी, रक्त!" लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतल्या रंगद्रव्याचा तो गुण: अल्कधर्मी पदार्थ लागला की लाल, आंबट लागलं की पिवळं. हळदीवर चुना चढवून कुंकू करतात ते यामुळंच. म्हणजे हळद आणि कुंकू नावाला दोन, मूळ एकच. आणि डाग गेलाच नाही तर कडक उन्हात वाळत घाला. उन्हानं तो रंग उडतो. बनियन घासून फाडण्यापेक्षा बरं.

डॉक्टर_शाहूपुरी | ५.१०

ताईंचा प्रयोग उत्तम. जाता जाता एक सांगतो, कारण महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतं: जोडव्यांनी पायाची नस दाबली जाऊन गर्भाशय निरोगी राहतं, याला काहीही पुरावा नाही. पायाच्या दुसऱ्या बोटातून गर्भाशयाकडं जाणारी खास नस शरीररचनेच्या पुस्तकात सापडत नाही. जोडवी घालायची तर घाला, चांगली दिसतात. बोट सुजलं की मात्र लगेच काढा.

श्रद्धा_सबुरी | ५.१८

घ्या. आता जोडवीपण.

निपाणीकर | ५.५५

कोल्ह्याच्या लग्नावर अजून कोण बोललं नाही. आमच्याकडं कानडीत कावळा आणि कोल्ह्याचं लग्न म्हणतात, कागे-नरी मदुवे. म्हणजे नवरदेव कोण, नवरी कोण, मला लहानपणापासून शंका आहे. तमिळमध्येही कावळा-कोल्हाच. जपानात तर खोकडाच्या जातीतल्या नवरीची वरात निघते म्हणतात.

मुक्काम_पुणे | ६.०१

कोल्हापूरकरांनी कोल्ह्याचं लग्न म्हणजे काय हे बाहेर विचारावं, याहून मोठी शोकांतिका नाही.

खगोलवेडा_पन्हाळा | ६.२५

ऊन असताना पाऊस येतो कुठून, ते सांगतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं पडतो. दीड किलोमीटर उंचीवरून निघाला तर जमिनीवर यायला चारेक मिनिटं. तेवढ्यात ताशी तीस किलोमीटरचा वारा त्याला दोन किलोमीटर पुढं नेतो, आणि ढग तर तिकडं विरतही आलेला असतो. पन्हाळ्यावरून हे अगदी उघडं दिसतं: गगनबावड्याकडून तुटक ढग येतात, खालच्या शेतावर पावसाचे तिरके पडदे सरकतात आणि शेजारच्या शेतात लख्ख ऊन. उन्हं कलल्यावर असा पाऊस आला तर सूर्याकडं पाठ करून पूर्वेला बघा, इंद्रधनुष्य सापडतं.

पाखरू | ७.००

आणि खऱ्या कोल्ह्याचं लग्न पावसाळ्यात होतच नाही. आपल्याकडं त्यांचा जोडीचा हंगाम फेब्रुवारी-मार्च, पिल्लं दोनेक महिन्यांनी, उन्हाळ्यात. श्रावणात, ऐन चातुर्मासात, त्यांना मुहूर्त कोण देणार!

पण भाचीच्या शेवटच्या प्रश्नाला कोल्हा हे चांगलं उदाहरण आहे. नर-मादी जोडीनं राहतात, हद्द जोडीनं राखतात, पिल्लांना दोघं भरवतात. कधी कधी आदल्या वर्षीची मोठी पिल्लं घरी थांबून धाकट्यांना सांभाळतात.

गुऱ्हाळ | ७.२०

आमच्या उसात जोडी हाय. हिवाळ्यात तिन्हीसांजला एक हुकी द्यायला लागला की दुसरा लगेच साथ देतोय. ऊसबी खात्यात, बुडका दातानं चिरून रस घेत्यात. तोड आली की आधी त्यांचाच संसार उठतोय.

तर्रीबाज | ७.२४

बायको ओरडली की नवरा लगेच साथ देतो. आदर्श विवाह.

पाखरू | ७.५८

बाकीचे सगळे इतके आदर्श नाहीत.

राखी धनेश शहरातल्या मोठ्या झाडांवरही दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. काही आठवडे ती आणि पिल्लं पूर्णपणे नराच्या भरवशावर. तो दिवसभर फळं आणून फटीतून भरवतो, आणि त्यात वड-उंबराची फळं भरपूर. ताईंच्या त्या माशीपासून धनेशाच्या संसारापर्यंत सरळ धागा आहे.

सुगरणीत घरटं विणतो तो नर. उसाच्या, भाताच्या पानांच्या चिरफळ्या काढून विहिरीवरच्या बाभळीला लोंबती घरटी बांधतो आणि अर्धवट ठेवतो. मादी येते, आत शिरून ओढून-ताणून बघते. पसंत पडलं तर तो पुरं करतो, नाही तर ते तसंच लोंबत राहतं. आणि ती अंड्यावर बसली की हा शेजारी दुसरं घर विणायला घेतो, दुसरीसाठी.

कमळपक्ष्यात उलट. मादी दोन-तीन नर करते, अंडी घालून देते आणि उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नराचं. कमळांच्या तळ्यात बघायला मिळतो. मोर तर लांडोरीला भेटून चालता होतो, पिल्लांचं तोंडही बघत नाही. आणि मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी घालते हे साफ खोटं, बाकी पक्ष्यांसारखंच त्यांचंही मीलन होतं.

जोडीनं आयुष्य काढण्याबद्दल सारस प्रसिद्ध. महाराष्ट्रात तो राहिलाय मुख्यतः गोंदिया भागात. पण बऱ्याच "जोडीच्या" पक्ष्यांत पिल्लांची तपासणी केल्यावर बाप शेजारचा निघालाय. हे सहावीच्या मुलीला सांगायचं का, तुम्ही ठरवा.

रंकाळ्याचा_काठ | ८.३०

नाही सांगितलं. सुगरणीचं मात्र घरात सगळ्यांना सांगितलं. वहिनींनी दादांकडं बघून फक्त "ऐकलं?" एवढंच विचारलं. आमचा फ्लॅट तीन वर्षं रंगवायचा राहिलाय.

निपाणीकर | ८.४५

बेडकांचं लग्न लावून पाऊस पडतो का, हे पण घ्या यात. यंदा गावात लावायचं चाललंय.

पाखरू | ९.१५

उलटं आहे. बेडकाच्या लग्नानं पाऊस येत नाही, पावसानं बेडकाचं लग्न होतं. पहिल्या मोठ्या पावसात आपला मोठा बेडूक बाहेर येतो आणि मूळचा शेवाळी-तपकिरी नर अंगभर लिंबासारखा पिवळाधमक होतो, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवतो. काही दिवस तो रंग राहतो आणि उतरतो. सुगरणीच्या नराचंही विणीच्या हंगामात डोकं-छाती पिवळी. म्हणजे निसर्गात हळद लागते ती नवरदेवाला, आणि कुणी लावावी लागत नाही.

आणि भोपाळला २०१९ मध्ये पावसासाठी बेडकांचं लग्न लावलं, मग पाऊस थांबेना म्हणून सप्टेंबरात त्यांचा काडीमोड केला. बातमी खरी आहे.

तर्रीबाज | ९.१८

सप्टेंबरात?! आमच्याकडं ऑगस्टातच पंचगंगा शहरात आली होती. जरा लवकर वकील गाठायचा की.

श्रद्धा_सबुरी | ९.४०

हे वाचून मीही हसलो. पण लोक बेडकाचं लग्न लावतात ते हवामानशास्त्र म्हणून नाही. पेरणी अडते तेव्हा गावाला हातावर हात ठेवून बसवत नाही. माझं म्हणणं सुरुवातीपासून एवढंच होतं.

चाफेकळी | ९.५२

हे पटलं. प्राणवायूपेक्षा हे कितीतरी पटण्यासारखं कारण आहे.

रंकाळ्याचा_काठ | १०.३५

आत्ता गच्चीवरून आलो. शहराच्या उजेडात वसिष्ठ सहज सापडला, अरुंधती मला दिसेना. भाचीला दिसली. गुरुजींच्या रीतीनं तिनं मला आधी शेजारचा तारा दाखवला आणि मग म्हणाली, "मामा, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा."

सुमनताई_गारगोटी | १०.५०

गुऱ्हाळदादा, ते पिवळे बेडूक तुमच्याकडं दिसतात का? नातवंडं जूनमध्ये यायची आहेत.

गुऱ्हाळ | ११ मे, सकाळी ६.०५

दिसत्यात की. रोहिणीनंतर पयला दणका पाऊस झाला की दुसऱ्या दिशी सकाळी भाताच्या खाचरात, नुसता गोंधळ. आवाजावर यायचं. आदल्या रात्रीच गाडीवाल्यांनी हळू चालवा, रस्त्यावर येऊन चिरडत्यात. पोरास्नी घेऊन येताना पायात बूट पायजेत आन् बॅटरी पायजे. बेडूक आलं की बांधाला त्यांच्यामागं साप येत्यात, आमच्यात घोणस लई.